लेन्स घेण्याआधी टेप काढा

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे. घरे, देवळे, चर्च आणि त्यांच्या आतल्या खोल्या टिपायला वाइड अँगल लेन्स कोणती घ्यावी, याविषयीची पत्रे या अंकात एकत्र घेतली आहेत. मिलिमीटरचे आकडे लेन्सच्या फोकल लेंग्थचे आहेत, आकडा लहान तितके दृश्य रुंद. वेगळे म्हटले नसेल तिथे ते फुल फ्रेम सेन्सरचे (३६ × २४ मिमी) समजावेत. निकॉन, सोनी, फुजीच्या एपीएस-सी (त्याहून लहान सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर तेवढेच दृश्य हवे असेल तर आकड्याला दीडने भागा. कॅननच्या एपीएस-सीवर १.६ ने आणि मायक्रो फोर थर्ड्‌सवर दोनने भागा.

प्रश्न : म्हापशाजवळ आमचा होमस्टे आहे. खोल्या दहा बाय बारा फुटांच्या. कॅननचा एपीएस-सी डीएसएलआर आणि त्याच्याबरोबर आलेली १८-५५ लेन्स एवढेच सामान आहे. भिंतीला पाठ लावली तरी अर्धा पलंग बाहेर राहतो. दुकानदार म्हणतो, ८ मिमीची फिशआय घ्या, सगळी खोली येईल. घेऊ का?

नको. फिशआयमध्ये सगळी खोली येते हे खरे, पण भिंती धनुष्यासारख्या वाकून येतात. सॉफ्टवेअरने त्या सरळ केल्या की कडा ताणल्या जातात आणि तपशील फाटतो. तुम्हाला हवी ती सरळ रेषा सरळ ठेवणारी वाइड लेन्स.

ती किती वाइड हवी हे टेपने मोजून ठरते. हिशेब सोपा आहे : आडव्या फ्रेममध्ये जेवढी रुंदी मावते ती म्हणजे कॅमेऱ्यापासूनचे अंतर गुणिले ३६, भागिले फोकल लेंग्थ. तुमच्या खोलीची समोरची भिंत दहा फूट, म्हणजे साधारण ३ मीटर रुंद. कॅमेरा तिच्यापासून ३.३ मीटरवर ठेवता येतो असे धरू. २४ मिमीवर त्या अंतरावर जवळजवळ ५ मीटर मावतात. म्हणजे समोरची भिंत पूर्ण येते आणि बाजूच्या भिंतींचा शेवटचा १.३ मीटर भागही दिसतो. १६ मिमीवर बाजूच्या भिंतींचे २ मीटर दिसतात. एवढी महागडी उडी मारून पदरात काय पडले? प्रत्येक भिंतीची ७० सेंटिमीटर. आणि गेले काय? २४ वर समोरची भिंत फ्रेमच्या ६० टक्के रुंदीची होती, १६ वर ती ४० टक्क्यांवर येते. पलंग लांबच लांब, खिडकी काडेपेटीएवढी, मधे फरशीचे मैदान. असा फोटो बघून आलेला पाहुणा खोलीत पाऊल टाकताच खट्टू होतो आणि रिव्ह्यूत तसे लिहितोही.

तुमची १८-५५ सगळ्यात वाइड टोकाला २९ मिमीएवढी भरते. खोली न मावण्याचे कारण तेच. डीएसएलआरसाठी कॅननची ईएफ-एस १०-१८ घ्या (पुढे मिररलेस आर मालिकेत गेलात तर आरएफ-एस १०-१८ आहे, किंवा हीच लेन्स अ‍ॅडॅप्टरवर चालते). तिच्यावर १६ ते २९ मिमीचा पल्ला मिळतो. पण १० वर नेऊन तिथेच सोडू नका. खोल्यांसाठी १२ ते १५ वर काम करा, १० फक्त न्हाणीघरासाठी राखून ठेवा.

जागा आणखी हवी असेल तर दारातून मागे सरका. दार तीन फूट रुंद असेल तर २४ मिमीवर चौकटीच्या आतल्या कडेपासून ६० सेंटिमीटर मागे जाता येते, चौकट फ्रेममध्ये न येता. १६ वर जेमतेम ४० सेंटिमीटर. म्हणजे कमी वाइड लेन्सला दार जास्त मागे जाऊ देते. कॅमेरा मात्र दाराच्या बरोबर मध्यावर हवा.

कॅमेऱ्याची उंची निजायच्या खोलीत जमिनीपासून ९० सेंमी ते १ मीटर. स्वयंपाकघरात ओट्याच्या वर थोडी, १.२ मीटरच्या आसपास, नाहीतर ओट्याची कड एक जाड पट्टी होऊन बसते. डोळ्याच्या उंचीवरून काढलेल्या फोटोत पलंगावरची चादरच चादर दिसते. कॅमेऱ्यातले इलेक्ट्रॉनिक लेव्हल दोन्ही अक्षांवर शून्य दाखवेपर्यंत ट्रायपॉड जुळवा. छत जास्त आले म्हणून लेन्सचे नाक खाली करू नका, ट्रायपॉडच खाली घ्या.

प्रश्न : पणजीत फोंतेन्हास आणि मळा या जुन्या वस्त्यांतली घरे टिपतो आहे. फुल फ्रेम कॅमेरा, १६-३५ लेन्स. गल्ली अरुंद, कॅमेरा वर करावा लागतो आणि घर मागे कलंडल्यासारखे दिसते. टिल्ट-शिफ्ट लेन्सवर एवढे पैसे घालावेत का, की सॉफ्टवेअर पुरे?

घर कलंडते ते लेन्सच्या दोषामुळे नाही. सेन्सर भिंतीला समांतर असेपर्यंत उभ्या रेषा उभ्याच राहतात, मग लेन्स १४ ची असो वा ५० ची. कॅमेरा वर केला की समांतरपणा जातो आणि रेषा वर एकमेकींकडे झुकतात. हा दोष आणि कडेच्या रेषा बाहेर फुगणे हे वेगळे. फुगणे लेन्सचे असते आणि लेन्स प्रोफाइल (सॉफ्टवेअरमधली त्या लेन्सची तयार दुरुस्ती) लावले की बहुतांशी जाते. झुकणे तुमच्या उभे राहण्याचे असते, त्याला प्रोफाइल काही करू शकत नाही.

शिफ्ट लेन्स काय करते? कॅमेरा सरळ ठेवून लेन्सच वर सरकवता येते. कॅननच्या टीएस-ई १७ मिमी एफ/४ आणि टीएस-ई २४ मिमी एफ/३.५ (दुसरी आवृत्ती) या दोन्ही १२ मिमी सरकतात. हे होऊ शकते कारण या लेन्स ६७.२ मिमी व्यासाचे वर्तुळ उजळतात. फुल फ्रेमला ४३ मिमीचे पुरते. उरलेल्या जागेत सेन्सर हिंडतो.

आता गल्लीत टेप धरा. सरळ कॅमेऱ्याला किती उंचीपर्यंत दिसते? कॅमेऱ्याची उंची, अधिक अंतर × (सेन्सरची अर्धी बाजू + शिफ्ट) ÷ फोकल लेंग्थ. समजा समोरच्या भिंतीपासून ५ मीटरच मागे जाता येते, कॅमेरा १.५ मीटरवर आहे आणि घर कौलांच्या आढ्यापर्यंत ८ मीटर. तुमच्या १६-३५ वर १६ मिमी, कॅमेरा उभा धरून : १.५ + ५ × १८ ÷ १६, म्हणजे ७.१ मीटर. आढे कापले जाते. २४ ची शिफ्ट, उभी, पूर्ण सरकवून : ७.७५. अगदी थोडक्यात हुकली. १७ ची शिफ्ट, उभी : १०.३. बसले, आणि घराचा पायथाही कापला गेला नाही. लाओवाची १५ मिमी एफ/४.५ शिफ्ट लेन्स ११ मिमी सरकते, तिच्यावर उभ्या फ्रेममध्ये ११ मीटरच्या वर मिळतात. तिचा फोकस हातानेच करावा लागतो. घर जागचे हलत नाही, त्यामुळे हा तोटा नव्हेच.

म्हणून ‘पहिली शिफ्ट लेन्स २४ चीच घ्या’ हा नेहमीचा सल्ला मोकळ्या आवारातल्या इमारतींना लागू पडतो. जुन्या पणजीतल्या गल्ल्यांना १७ लागते. फक्त १७ ची पुढची काच फुगीर आहे, साधा फिल्टर बसत नाही. २४ वर ८२ मिमीचा बसतो.

पैसे घालण्यापूर्वी दोन फुकट उपाय करून बघा. पहिला : मागे जाता येते तिथे कॅमेरा उभा आणि सरळ ठेवा, खालची निम्मी फ्रेम रस्त्याने भरू द्या आणि घरी येऊन रस्ता कापा. ६००० × ४००० पिक्सेलच्या फाइलचा खालचा तृतीयांश काढला तरी ४००० × ४००० उरतात. गरिबाची शिफ्ट म्हणा. दुसरा : समोरच्या घराच्या पहिल्या मजल्यावरच्या सज्जात परवानगीने उभे राहा. कॅमेरा ४ मीटरवर गेला की वर ४ आणि खाली ४ मीटर एवढेच हवे, ते २० मिमीवर उभ्या फ्रेममध्ये मावते. त्या वस्तीतले लोक फोटोवाल्यांच्या गर्दीला कंटाळले आहेत, तेव्हा दारावर टकटक करून विचारणे हा लेन्सइतकाच कामाचा भाग धरा.

सॉफ्टवेअरचे म्हणाल तर लाइटरूममधले गाइडेड अपराइट चांगले काम करते. दोन उभ्या कडांवर रेघा ओढा, झाले. पण कॅमेरा १०-१५ अंशांपर्यंत कलता असेल तरच. त्यापुढे वरचा मजला ताणला जातो, पिक्सेल पसरतात, बाजूचे बरेच कापले जाते आणि घर आहे त्याहून उंच किंवा बुटके दिसू लागते. एक दार टेपने मोजून ठेवा. फोटोतल्या त्याच दाराची रुंदी-उंची त्या प्रमाणात येईपर्यंत अ‍ॅस्पेक्टची पट्टी सरकवा. फार उंच इमारत पायथ्यापासून टिपली असेल तर रेषा शंभर टक्के सरळ करू नका, नव्वदवर थांबा. पूर्ण सरळ केलेली उंच इमारत डोळ्याला वर रुंद होत गेल्यासारखी वाटते.

महिन्याला एखाद-दुसरे काम असेल तर शिफ्ट लेन्स भाड्याने आणा. वास्तुविशारदांचे काम नियमित असेल तर विकत.

प्रश्न : फोंड्याच्या परिसरातली देवळे टिपताना दीपस्तंभ फ्रेमच्या कडेला तिरका दिसतो आणि शेजारी उभा माणूस जाडा होतो. लेन्स १४-३० आहे. तिच्यात बिघाड आहे का?

लेन्स ठीक आहे, वापर चुकतो आहे. सरळ रेषा सरळ ठेवायच्या तर वाइड लेन्सला कडेच्या वस्तू ओढाव्याच लागतात. १६ मिमीच्या आडव्या फ्रेममध्ये अगदी कडेला ठेवलेला गोल दिवा रुंदीत दीडपट होतो. २४ वर सव्वापट, ३५ वर सुमारे १.१ पट. माणसाच्या चेहऱ्याचेही तेच. माणसे, कळस, घुमटीचा गोल, असे सगळे फ्रेमच्या मधल्या तृतीयांशात ठेवा. कडांना भिंत, फरशी, आकाश द्या, त्यांना ताणले तरी कळत नाही. तिरपेपणा मात्र कॅमेरा वर केल्याने आला आहे. वरचे उत्तर वाचा.

आणि दीपस्तंभाला वाइड लेन्स हवीच कशाला? मंगेशीचा सात मजली दीपस्तंभ आठवा. उंच आणि निमुळता, रुंदी नगण्य. असा स्तंभ १५ मीटर उंच धरला तर सरळ उभ्या कॅमेऱ्याने २४ मिमीवर तो १८ मीटरवरून मावतो, ३५ वर २६-२७ मीटरवरून. अंगण तेवढे देत असेल तर ३५ च वापरा. मागचे सभामंडपाचे कौलारू छप्पर आणि घुमट स्तंभाच्या प्रमाणात मोठे राहतात, मागे पळत नाहीत. वाइडने जवळून घेतलेल्या फोटोत स्तंभ राक्षसासारखा आणि देऊळ त्याच्या पायाशी बाहुलीएवढे होते.

प्रकाशमापनाची आणखी एक गफलत : पांढऱ्या चुन्याचा स्तंभ कॅमेरा करडा करून टाकतो, तिथे उजेड एक स्टॉप, म्हणजे दुप्पट, वाढवा. तांबडी सुर्लाचे बाराव्या शतकातले महादेवाचे देऊळ काळ्या बेसाल्टचे, तिथे उलट, कॅमेरा दगड फिका करतो. एक स्टॉप कमी करा. ते देऊळ पूर्वाभिमुख आहे, दर्शनी बाजूला सकाळीच जा.

गाभाऱ्यात फोटोला बहुतेक देवळांत मनाई असते. सभामंडपासाठीही देवस्थानच्या कचेरीत आधी विचारा.

प्रश्न : मागच्या अंकात तुम्ही लिहिलेत की वास्तूंच्या फोटोंना एफ/२.८ लेन्सची गरज नाही, एफ/४ पुरते. मी मडगावात फेस्त आणि लग्नेही टिपतो. चर्चमध्ये एफ/४ वर आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ६४०० वर जातो. सल्ला मागे घेणार का?

तुमच्यापुरता घेतो. माणसे हलतात, त्यांना १/१२५ तरी शटर हवा. तिथे एफ/२.८ चा एक स्टॉप (एफचा आकडा लहान तितके लेन्सचे छिद्र मोठे, उजेड जास्त) सोन्यासारखा. मागचे उत्तर रिकाम्या वास्तूसाठी होते आणि तिथे ते तसेच ठेवतो, कारण रिकाम्या वास्तूत कोणी २.८ वर फोटो काढतच नाही. एफ/८ वर काढतो. १६ मिमी, एफ/८, फोकस १.१ मीटरवर : साधारण अर्ध्या मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळे स्पष्ट. २४ मिमीवर फोकस अडीच मीटरवर ठेवा, सव्वा मीटरपासून पुढे स्पष्ट. एफ/१६ वर जाण्याने काही साधत नाही, विवर्तनाने (बारीक छिद्रातून उजेड पसरल्याने) सगळीच फ्रेम किंचित मऊ होते.

निकॉन झेडची १४-३० एफ/४ वजनाला ४८५ ग्रॅम आणि तिच्यावर साधा ८२ मिमी फिल्टर बसतो. १४-२४ एफ/२.८ आहे ६५० ग्रॅमची, किंमत कितीतरी जास्त. फक्त घरे-देवळे करणाऱ्याने तो फरक मजबूत ट्रायपॉडवर आणि गिअर्ड हेडवर घालावा. गिअर्ड हेडला तीन चक्र्या असतात, एकेक अक्ष केसभर हलवता येतो. बॉल हेडवर लेव्हल जुळवणे म्हणजे एक अक्ष धरला की दुसरा सुटतो.

जुन्या गोव्यात मात्र ट्रायपॉडचा बेत करून जाऊ नका. बॉम जेझुस बासिलिका, से कॅथेड्रल ही भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या अखत्यारीतली स्मारके, ट्रायपॉडला त्यांची पूर्वपरवानगी लागते. हातात धरून काढायचे तर स्थिरीकरण चालू ठेवा. १६ मिमीवर १/८ सेकंद बहुतेकांना जमतो. खांबाला खांदा टेकवा, पाचेक फोटो ओळीने काढा, एखादा नक्की स्पष्ट येतो. प्रार्थना चालू असेल तर कॅमेरा पिशवीत.

प्रश्न : वास्तुकलेची विद्यार्थिनी आहे. डिचोली तालुक्यातल्या जुन्या घरांचे दस्तऐवजीकरण करते : राजांगण (घराच्या मधला उघडा चौक), तुळशीवृंदावन, ओटी, माजघर. सोनी ए६४०० आहे. एक, लेन्स कोणती? दोन, वृंदावन प्रचंड दिसते आणि मागची ओटी इवलीशी. तीन, आतून फोटो काढला की खिडक्या पांढऱ्याफटक आणि भिंतींचा रंग दर फोटोत वेगळा.

लेन्स : सोनीची १०-२० एफ/४ जी किंवा सिग्माची १०-१८ एफ/२.८. ए६४०० च्या बॉडीत स्थिरीकरण नाही आणि या दोन्ही लेन्समध्येही नाही, म्हणजे ट्रायपॉड ठरलेलाच. हातानेच काम करायचे तर सोनीची जुनी १०-१८ एफ/४ ओएसएस बघा, तिच्यात आहे.

वृंदावनाचे कोडे सगळ्यांनी एकदा समजून घ्यावे असे आहे. वस्तूंचे एकमेकींशी प्रमाण लेन्सवर ठरत नाही, तुम्ही कुठे उभ्या आहात त्यावर ठरते. वृंदावन तुमच्यापासून १ मीटरवर आणि मागचा खांब ५ मीटरवर असेल तर सारख्याच उंचीचे असले तरी वृंदावन पाचपट मोठे येणार, १० मिमी लावा वा ५०. दोन मीटर मागे सरका. आता अंतरे ३ आणि ७, फरक सव्वादोनपटीवर आला. म्हणून राजांगणात आधी सर्वांत लांबचा कोपरा गाठा, समोरच्या पडवीत भिंतीला टेकून उभ्या राहा आणि मग त्या जागेवरून जेवढे हवे तेवढे मावेल अशी फोकल लेंग्थ निवडा. झूम करून जागा निवडायची नसते, जागा निवडून झूम करायचा असतो. दस्तऐवजासाठी एक फोटो बरोबर मध्यावरून, समोरच्या भिंतीला समांतर, आणि दुसरा कोपऱ्यातून कर्णावर. मध्यावरच्या फोटोत दोन्हीकडचे खांब सारखे भरतात की नाही ते ग्रीड लावून मोजा. दहा सेंटिमीटर इकडेतिकडे झाले आणि मध्य साधायला कॅमेरा जरा वळवला की कौलांच्या पागोळीची रेघ फ्रेमशी तिरकी होते आणि नंतर तीच डोळ्यांत खुपत राहते.

खिडक्या : माजघराला एफ/८, आयएसओ १०० वर १ सेकंद लागत असेल तर बाहेरच्या उन्हाला १/२५० लागतो. हे आठ स्टॉपचे अंतर एका फाइलमध्ये नीट मावत नाही. दोन-दोन स्टॉपच्या अंतराने पाच फोटो घ्या आणि नंतर सॉफ्टवेअरने एकात जोडा : १/२५०, १/६०, १/१५, १/४, १ सेकंद. बदलायचा फक्त शटर, अ‍ॅपर्चर नव्हे, नाहीतर स्पष्टतेची खोली बदलते आणि फोटो एकमेकांवर बसत नाहीत. फोकस एकदा घेऊन मॅन्युअलवर टाका. दोन सेकंदांचा टायमर लावा. लाकडी माळ्यावर किंवा शेणाने सारवलेल्या मऊ जमिनीवर ट्रायपॉडशेजारी पाय हलवू नका. जोडताना खिडकी घरापेक्षा थोडी उजळच ठेवा. बाहेरची माड-केळी आतल्या भिंतीएवढीच स्पष्ट झाली की फोटो चिकटवल्यासारखा दिसतो. शिंपल्यांच्या जुन्या खिडक्या असतील तर त्या मागून उजळू द्या, पण शिंपला आणि पट्टी वेगळी दिसेल एवढेच. त्यांच्यासाठी खास एक कमी उजेडाचा फोटो घेऊन ठेवा.

रंग : गुन्हेगार बहुतेकदा एलईडी. दारे-खिडक्या उघडा, आतले सगळे दिवे बंद करा, एकाच उजेडात काम करा. तरीही लाल कावीची जमीन भिंतीच्या खालच्या भागावर तांबूस झाक टाकते, आणि पावसाळ्यात अंगणातली हिरवळ खिडकीतून हिरवी. पहिल्या फोटोत खिडकी आणि आतली भिंत यांच्या मध्ये एक ग्रे कार्ड धरा, त्यावरून व्हाइट बॅलन्स पक्का करा आणि त्या खोलीच्या सगळ्या फोटोंना तोच लावा. जमिनीची झाक पूर्ण काढण्याच्या मागे लागू नका, डोळ्यालाही ती तिथे दिसतेच. दिवे लावावेच लागले तर १/५० किंवा त्याहून संथ शटर ठेवा. आपली वीज ५० हर्ट्‌झची, दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो, वेगवान शटरवर काळे पट्टे येतात. ए६४०० वर सायलेंट शूटिंग चालू असेल तर हा त्रास वाढतो. ते बंदच ठेवा.

वेळेचे एक : गोवा साडेपंधरा अक्षांशावर आहे. मेच्या पहिल्या आणि ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारी सूर्य अगदी डोक्यावर असतो. मेमध्ये बाराच्या पुढेमागे राजांगणात ऊन थेट जमिनीवर आपटते, पडवी काळी पडते. तेव्हा काम करू नका. ढगाळ जूनचा उजेड चारी बाजूंना सारखा पसरतो, राजांगणाला त्याहून चांगला नाही. पागोळ्या गळत असतात, तेवढी एक छत्री धरणारा माणूस बरोबर हवा.

प्रश्न : साखळी गावचा एक व्यावसायिक फोटोग्राफर निवृत्त होतो आहे, त्याची टीएस-ई २४ विकत मिळते. जुनी शिफ्ट लेन्स घेताना काय तपासू? आणि आमच्याकडच्या दमट हवेत ती टिकवायची कशी?

टॉर्च घेऊन जा. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडे ठेवून लेन्सच्या एका टोकाने टॉर्च मारा, दुसऱ्या टोकाने तिरके बघा, मग उलट. दोन-चार धुळीचे कण असतीलच, ते सोडा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे, बहुधा काचेच्या कडेकडून आत पसरलेले, दिसले तर बुरशी आहे. ‘साफ करून मिळेल’ यावर जाऊ नका. बुरशी कोटिंग खाते, साफ केल्यावरही डाग राहतो आणि खिडकीच्या उजेडात तो धुके आणतो.

मग चाल तपासा. लेन्स कॅमेऱ्यावर लावा, शिफ्ट वरच्या टोकाला न्या, कुलूप न लावता कॅमेरा उभा-आडवा करा. आपल्या वजनाने सरकली तर घर्षण सैल झाले आहे. कुलूप लावून पुन्हा तेच. टिल्ट (लेन्स कलती करण्याची सोय) शून्यावर आल्यावर थांबल्याचे बोटाला जाणवले पाहिजे. तसे जाणवत नसेल तर प्रत्येक फोटोत एक बाजू नकळत अस्पष्ट येईल आणि तुम्ही फोकसला दोष द्याल. फिरणाऱ्या दोन्ही कड्यांच्या खिट्ट्या दाबून बघा.

शेवटी काचा मध्यावर आहेत का. रस्त्यापलीकडची एखादी पाटी घ्या, कॅमेरा ट्रायपॉडवर, शिफ्ट शून्य, एफ/४. तीच पाटी पाळीपाळीने फ्रेमच्या चारही कोपऱ्यांत आणा, दर वेळी तिच्यावर फोकस करा. चारही अक्षरे सारखी नाहीत, एक कोपरा सतत मऊ, तर सोडून द्या. पूर्ण शिफ्टवर टोकाचा कोपरा एफ/४ ला थोडा मऊ आणि काळसर असणे चालते, एफ/८-११ ला सुधारायला हवा. डीएसएलआरवर प्रकाशमापन शिफ्ट शून्यावर असतानाच करा, सरकवल्यावर मीटर चुकतो.

साठवण : हवेतली आर्द्रता ४० ते ५० टक्के ठेवायची, ६०-६५ च्या वर बुरशीला मोकळे रान. विजेवरचे ड्राय कॅबिनेट उत्तम. नसेल तर रबरी कडेचा हवाबंद डबा, आत एक छोटा आर्द्रतामापक आणि दोनशे ग्रॅम सिलिका जेल. लाकडी कपाट नको, चामड्याची पिशवी तर अजिबात नको, दोन्ही ओल धरतात. निळे जेल गुलाबी झाले की पुन्हा तापवून वापरता येते, पण त्यात कोबाल्ट असते, स्वयंपाकाच्या तव्यावर नको, वेगळे भांडे ठेवा. आर्द्रता ३० च्या खालीही नेऊ नका, वंगण आणि रबर सुकते. आठवड्यातून एकदा लेन्स बाहेर काढून उजेडात वापरा.

एसीच्या व्हिलातून भर दुपारी अंगणात आलात की काच धुक्याने भरते. ती पुसू नका, पुन्हा धरते. कॅमेरा बंद पिशवीत ठेवूनच बाहेर आणा आणि अर्धा तास थांबा. बाहेरचे फोटो आधी, एसीतले नंतर, असा क्रम लावला तर तो अर्धा तासही वाचतो.

प्रश्न : मोबाइलच्या ०.५ एक्सवर काम भागेल का? (पेडणे, जागा भाड्याने देणारे)

बाहेरून, दिवसा, जाहिरातीपुरते भागेल. बहुतेक मोबाइलची ती लेन्स १३ ते १६ मिमीएवढी असते, म्हणजे खोलीला गरजेपेक्षा वाइड. मधल्या आकड्यावर, ०.७-०.८ वर या, मोबाइल भिंतीला सरळ धरा, छातीच्या उंचीवर. अंधाऱ्या खोलीत छोटा सेन्सर कोपऱ्यांचा चिखल करतो, तिथे मोबाइलही ट्रायपॉडवर लावा.

प्रश्न : वाइड लेन्सवर पोलरायझर लावावा का? (वास्को)

आकाशासाठी नको. २४ च्या खाली आकाशाचा एक पट्टा गडद निळा आणि बाकी फिके येते. ओल्या चिऱ्यावरची, चकचकीत फरशीवरची आणि काचेवरची चमक मारायला लावा, पूर्ण न फिरवता निम्मा. पातळ कडेचाच घ्या, जाड कडेचा १६-१७ वर कोपरे काळे करतो.